दुसरी यादी

जालना
२१ नोव्हेंबर १९५६

प्रिय जयवंताअक्कांना ताराचा प्रभूमध्ये सलाम.

आम्ही सुखरूप पोचलो. सामान फुटलं-तुटलं नाही, फक्त तुम्ही दिलेली लोणच्याची बरणी गाडीत कलंडली आणि यांच्या कोटाला तेल लागलं. स्टेशनवर आई आली होती. तिने आधी माझ्या पोटाकडे बघितलं आणि मग तोंडाकडे. तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे, तिची नजर तशीच पडते. म्हणाली, "आता फेब्रुवारीपर्यंत तू माझ्या ताब्यात. पाण्याची घागर उचललेली दिसली तर बघ."

घर कचेरीच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, पुढे ओटा. बरकतपुऱ्यात आठ वर्षं आपल्या दोन घरांत एकच भिंत होती. तुम्ही भाकरी थापायला लागलात की मला माझ्या घरात कळायचं. इथे भिंतीपलीकडे कुणीतरी कडबा भरून ठेवलाय. सकाळी कान लावून बसते आणि मग आठवतं.

अक्का, एक गोष्ट मनातून जात नाही. राज्य मोडून मराठी मुलूख मुंबईकडे चालला म्हणून कचेरीतल्या बदल्यांची पहिली यादी लागली तेव्हा जालन्याच्या जागेवर दाजींचं नाव होतं आणि यांचं हैदराबादेतच. तुम्ही ट्रंका बांधल्या होत्या, तुमच्या आईंना, भामामावशींना, कळवलंही होतं. तीन आठवड्यांत दुसरी यादी आली आणि सगळं उलटं झालं. हे म्हणतात सरकारी काम आहे, त्यात आपण काय बोलणार. पण तुमच्या गावात, तुमची आई आहे तिथे मी येऊन राहिले आणि तुम्ही तिकडेच राहिलात. जेवताना हे आठवलं की घास तोंडात फिरतो.

तरी तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? त्या घरात आणखी एक वर्ष काढलं असतं तर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नसतं. दोन लेकरं त्याच खोलीत झाली आणि त्याच खोलीतून गेली. एक तीन दिवसांचं, एक अकरा दिवसांचं. नारायणगुड्याच्या कबरस्तानातून तुम्ही मला किती वेळा हाताला धरून घरी आणलंत. आता तिकडे कुणी जाणार नाही. जमेल तेव्हा एकदा बघून याल का?

भामामावशींकडे जाईन. दाजींना सलाम, रूथला पापा.

तुमची
तारा

---

बरकतपुरा, हैदराबाद
९ डिसेंबर १९५६

प्रिय तारा, सलाम आणि आशीर्वाद.

ती यादी काय तू केलीस? पोटात लेकरू असताना घास फिरतो, घास अडकतो असलं काही मला लिहायचं नाही. नीट जेव.

मला राग आहे तो खुर्चीवर बसून नावं खोडणाऱ्या साहेबाचा. एक नाव काटून दुसरं लिहायला त्याला किती वेळ लागला असेल? परवा यांच्यासमोर मी त्या माणसाला वाटेल ते बोलले. हे उठून अंगणात गेले आणि तासभर सायकल पुसत बसले. त्यांनाही लागलंय, बोलून दाखवत नाहीत इतकंच. अफझलगंजातून तेलुगूचं पहिलं पुस्तक घेऊन आलेत. पन्नाशीला आलेला माणूस रूथच्या शेजारी बसून अक्षरं गिरवतो, आणि ती हसते त्यांना.

नाताळात आईकडे यायचं माझ्या मनात होतं. पण कचेरीत बोलवा आहे की तिसरी यादी निघणार आहे, ज्यांचे आईबाप तिकडे आहेत त्यांचा विचार होणार आहे. तसं झालं तर कायमचंच येऊ, मग आता रूथची शाळा बुडवून कशाला धावायचं, असं ठरवलं. यांना विचारलं, "निघेल ना हो तिसरी यादी?" तर म्हणाले, "बघू या."

आईची काळजी वाटते. मी तिची एकुलती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. इकडे ये म्हटलं की मास्तरांच्या हाताने कार्ड लिहवून पाठवते. बायबलबाई म्हणून चाळीस वर्षं ज्या वस्त्यांवर फिरले, ज्यांच्या बाळंतपणांत प्रार्थना केल्या, त्या माणसांत मला राहू दे, असं म्हणते. तू जाऊन बघ आणि मला खरं ते लिही.

आपल्या मराठी मंडळीची चाळीस घरं होती, आता अकरा उरलीत. रोज कुणी ना कुणी काचीगुड्याच्या स्टेशनवर पोचवायला निघालेलं असतं. तेलुगू मंडळीचं चर्च आपल्याला रविवारी दुपारी तीनला मिळतं ते तसंच चालू आहे, पण पेटी वाजवायला कुणी नाही. हेच गाणं उचलून देतात. मंडळीने निवडलेले वडील म्हणून दान गोळा करायलाही हेच आणि दार लावायलाही हेच.

मंगळवारी तुझ्या दोन्ही लेकरांना बघून आले. गवत काढलं, पाणी घातलं. शेवंती मिळाली ती ठेवली.

तुझी
अक्का

---

जालना
२० जानेवारी १९५७

प्रिय अक्का, प्रभूमध्ये सलाम.

नाताळच्या उपासनेत भामामावशी भेटल्या. कुंपणाच्या तारेला हात लावत लावत एकट्याच आल्या होत्या. त्यांची जागा ठरलेली आहे, तिसऱ्या बाकाचं टोक. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "कोण बाई?" मी म्हटलं, "नर्सबाईंची तारा. जयवंताअक्कांची हैदराबादची शेजारीण." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला तो उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

आता दर दोन दिवसांनी आई मला त्यांच्याकडे नेते, किंवा त्यांच्यासाठी काही पाठवते. घर स्वच्छ आहे. शेजारची सखू पाणी भरते. भाकर मात्र त्याच थापतात. मी म्हटलं, "मावशी, तव्याचा चटका बसेल." तर म्हणाल्या, "तवा मला चाळीस वर्षं ओळखतो." तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. तुम्ही काळजी करू नका.

तुम्हाला निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "जयवंताला सांग, मी चालती-फिरती आहे. तिने धावत यायचं नाही. पोरीची शाळा आहे, नवऱ्याची कचेरी आहे. बदली होऊन येईल तेव्हा येईल. तोवर मी कुठे जाते?"

तुमची ट्रंक उघडली का, असंही विचारत होत्या. मी म्हटलं, अजून बांधलेलीच आहे.

माझं ठीक आहे. पाय सुजतात, पण बाळ हलतं. पहिल्या दोन्ही वेळी इतकं हलत नव्हतं. आता याविषयी पुढे लिहीत नाही.

तुमची
तारा

---

बरकतपुरा, हैदराबाद
१० फेब्रुवारी १९५७

प्रिय तारा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आई चालती-फिरती आहे हे तू डोळ्यांनी बघून लिहिलंस म्हणून जिवात जीव आला. नाहीतर तिची कार्डं काय, मेलेलं माणूसही बरं आहे म्हणून लिहून पाठवील अशी.

तिसऱ्या यादीचं अजून काही नाही. न निघाली तरी मे महिन्यात रूथला घेऊन येते आणि महिनाभर राहते. आईचं डोळ्यांचं ऑपरेशन तुझ्या आईच्या देखरेखीखाली करून घेऊ. तिला आत्ताच सांगू नको, घाबरेल.

तुझे दिवस भरत आले. हे रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तुझं नाव घेतात आणि मग थांबतच नाहीत. काल रूथ म्हणाली, "बाबा, भाकरी थंडी हो गयी." मी तिला रागावले, पण मलाही आश्चर्य वाटतं. स्वतःच्या लेकीच्या वेळी या माणसाने एवढी प्रार्थना केलेली मला आठवत नाही.

धीर धर. बातमी लगेच कळव.

तुझी
अक्का

---

जालना
१२ मार्च १९५७

माझ्या प्रिय अक्का,

मुलगा झाला. सव्वीस फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजता. आज पंधरावा दिवस. मी मुद्दाम थांबले होते. अकरावा दिवस जाऊ दे, मग लिहू म्हटलं. अकराव्या दिवशी मी त्याला पहाटेपासून मांडीवरून खाली ठेवला नाही. आईने ताट पुढे आणलं तरी ठेवला नाही. बारावा उजाडला, त्याने डोळे उघडले, दूध मागितलं, आणि मग मी रडले.

अक्का, त्याच दिवशी यांनी मला सगळं सांगितलं. दाजींनी यांना शपथ घातली होती, पण लेकराला हातात घेतल्यावर यांच्याने राहवलं नाही. दुसरी यादी सरकारने आपल्या मनाने केलीच नव्हती. दाजींनी स्वतः मोठ्या साहेबांकडे जाऊन दरखास्त दिली होती, की माझी जालन्याची जागा दानिएल हिवाळेंना द्या आणि मला इथेच ठेवा. ऑक्टोबरात एकदा कचेरीतून येताना त्यांनी मला कबरस्तानात उन्हात बसलेली पाहिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी यांना म्हणाले, "तिला या शहरातून घेऊन जा. आमचं काय, आम्ही कुठेही राहू."

तुमची आई आंधळी, एकटी, आणि तुम्ही दोघांनी मिळून आपली जागा आम्हाला दिलीत. डिसेंबरात तुम्ही त्या साहेबाला शिव्या घातल्यात, तिसऱ्या यादीचं लिहिलंत, ते मला संशय येऊ नये म्हणूनच ना? मला ओझं वाटू नये म्हणून? सख्ख्या बहिणीनेही इतकं केलं नसतं. मी तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू?

आम्ही बाळाचं नाव दाजींच्या नावावरून प्रताप ठेवायचं ठरवलंय. मे महिन्यात तुम्ही याल तेव्हाच बाप्तिस्मा करू. पाळकसाहेबांच्या हातात लेकरू तुम्हीच द्यायचं.

जन्मभर तुमची ऋणी,
तारा

---

जालना
१४ एप्रिल १९५७

प्रिय अक्का,

तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. पोचल्याचं कार्ड नाही. म्हणून मीच लिहिते.

तुम्ही स्टेशनवरून आलात तेव्हा मी भामामावशींच्या घरात बाळाला घेऊन बसले होते. तुम्ही दारात उभ्या राहिलात. मी उठून बाळ तुमच्यापुढे धरलं. तुम्ही हात पुढे केला नाहीत. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन तुमच्या आईची रिकामी खाट धरून बसलात. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांबरोबर आईच्या कबरीवर जाऊन आलात आणि संध्याकाळच्या गाडीने गेलात. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

तुमचं दुःख मोठं आहे. पण ते नुसतं दुःख नव्हतं, अक्का. मी आठ वर्षं तुमचं तोंड ओळखते. माझं काय चुकलं?

शेवटी कसं झालं ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही. आता सांगते. मार्चच्या एकवीस तारखेला मावशींना ताप चढला. तेवीसपासून माणूस ओळखू येईना. माझी आई म्हणाली तार करा, आम्ही पंचवीसला सकाळी तार केली. त्या दिवशी दुपारी त्या सारख्या "जयवंता आली का" विचारत होत्या. सखू म्हणायची, "येतेय मावशी, गाडीत बसलीय." संध्याकाळी त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "जयवंता?" मी शेजारी होते. त्यांचा हात हवेत तसाच राहिला होता. मी तो धरला आणि म्हटलं, "हो आई, आले."

मी तुमचं नाव घेतलं, अक्का. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी विचारलं, "रूथ कुठाय?" मी बाळाचा पाय त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "केवढी लहान झालीय पोरगी." मग हसल्या. पहाटे गेल्या. ऊन इतकं होतं की तुमची गाडी येईपर्यंत ठेवता आलं नाही.

त्या समाधानाने गेल्या. पण मी खोटं बोलून तुमच्या जागेवर बसले होते. तुम्हाला कुणी हे सांगितलं का? त्याचाच राग आहे का? असेल तर तसं लिहा. नुसतं गप्प राहू नका.

तुमची
तारा

---

बरकतपुरा, हैदराबाद
१९ मे १९५७

तारा,

तू आईचा हात धरलास हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या पत्रातच वाचलं. त्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. तो हात तसाच राहिला असता तर ते मला जास्त कठीण गेलं असतं. पण ते पत्र मी पुन्हा उघडून वाचू शकलेले नाही.

आता माझं ऐक. तुझं बारा मार्चचं पत्र इथे एकोणीसला आलं. मी रूथला मोठ्याने वाचून दाखवत होते. मुलगा झाला म्हटल्यावर ती उड्या मारायला लागली. पुढे वाचत गेले आणि मध्येच थांबले. रूथ विचारते, "क्या हुआ आई, पढो ना."

मला काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून काही ठरवलं नव्हतं. साहेबाला शिव्या मी खरोखरच घालत होते. तिसऱ्या यादीची वाट मी खरोखरच बघत होते.

हे कचेरीतून आले. मी पत्र पुढे केलं. वाचून झाल्यावर ते टोपीही न काढता खुर्चीत बसले.

मी विचारलं, "दरखास्त तुम्ही दिलीत?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"दिलेलं बोलून दाखवू नये, म्हणून."

"जगाला नका सांगू. मी जग आहे का?"

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तू नाही म्हटली असतीस."

मी म्हटलं, "तुमचे आईवडील कधीच गेले. जालन्यात तुमचं कुणी नाही. जे होतं ते माझं होतं. तुम्ही जे दिलंत ते तुमचं नव्हतंच द्यायला."

पाच महिने मी तिसऱ्या यादीच्या आशेवर बसले होते. ती निघणार नाही हे यांना ठाऊक होतं. मी रोज विचारायचे आणि हे "बघू या" म्हणायचे. एकदा जरी म्हणाले असते, "जयवंता, यादी-बिदी काही नाही, आईला भेटून ये," तर मी नाताळातच आले असते.

भांडण अजून चालू असतानाच सव्वीसला तार आली. गाडीत मी एकटी होते. हे यायला निघाले, मी नको म्हटलं. आणि जालन्याला आईच्या दारात पोचले तर समोर तू, मांडीवर ते लेकरू. गोरं, गुबगुबीत, जिवंत. तारा, माझ्या मनात जे आलं ते मी कागदावर लिहिणार नाही. तसं मन घेऊन त्याला हात लावायला मला भीती वाटली. म्हणून घेतलं नाही. तुझं काही चुकलेलं नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, इथे प्रभुभोजन होतं. मनात कुणाविषयी अढी असताना ते घेऊ नये असं आईने मला लहानपणी शिकवलं. मी बसून राहिले. यांनी भाकरीचं ताट सगळ्यांना फिरवलं, माझ्यापाशी आले, थांबले, आणि पुढे गेले. स्वतःही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या वडीलकीचा राजीनामा पाळकसाहेबांना देऊन आले. सगळे विचारतात, का? मी तरी काय सांगू? हा माणूस फार चांगला आहे, म्हणून?

मे महिन्यात येणार नाही. बाप्तिस्मा करून घ्या.

जयवंता

---

जालना
७ जुलै १९५७

प्रिय अक्का,

तुमचं पत्र आल्यापासून या घरात कुणी धड जेवलेलं नाही. हे म्हणतात, "मी दाजींना एकदा तरी विचारायला हवं होतं, की अक्कांना ठाऊक आहे का. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. मला जागा हवी होती."

मलाही एक कबूल करायचं आहे. जानेवारीत मी लिहिलं की तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. ते खरं नव्हतं. पायांवर सूज होती, दहा पावलं टाकली की दम लागायचा. माझी आई म्हणाली होती, छातीचं दुखणं आहे, लेकीला कळवा. मी मावशींना म्हटलं, "अक्कांना लिहिते." त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की लिहायचं नाही. "तिचा संसार मोडून ती इथे येऊन बसेल," म्हणाल्या. तुम्ही मला खरं ते लिही म्हटलं होतं आणि मी त्यांचं ऐकलं. म्हणजे दाजींनी जे केलं तेच मीही केलं. तुमच्या आईचा विचार तुम्हाला वगळून केला. माझ्या पत्रावर विसंबून तुम्ही मेपर्यंत थांबलात.

आता एकच गोष्ट आमच्या हातात आहे. यांनी पुन्हा अदलाबदलीची दरखास्त लिहिली आहे. आम्ही हैदराबादला परत येतो, दाजींनी इकडे यावं. भामामावशींचं घर मिशनने अजून कुणाला दिलेलं नाही. तुम्हाला तिथे राहता येईल. त्या खोलीची मला भीती वाटते, पण मी येईन. तुमचा होकार आला की दरखास्त जाईल.

बाप्तिस्मा केलेला नाही. तुम्ही सांगाल तेव्हा करू.

तारा

---

बरकतपुरा, हैदराबाद
४ ऑगस्ट १९५७

प्रिय तारा,

दानिएलभाऊंना सांग, दरखास्त फाडून टाका. मी आता जालन्याला कुणासाठी येऊ? आणि तुझ्या लेकराला त्या खोलीत परत आणून कुणाचं भलं होणार आहे? एकदा अदलाबदल झाली ती पुरे.

आईच्या दुखण्याचं तू लपवलंस ते वाचून दोन दिवस तुझं नाव घ्यावंसं वाटलं नाही. मग वाटलं, तिने माझ्याकडूनही असंच वचन घेतलं असतं आणि मीही ते पाळलं असतं. तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

तुझं पत्र मी यांच्यापुढे ठेवलं. चार महिने आमचं बोलणं ताट वाढलंय, किल्ली कुठाय, एवढंच होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं करू."

मी म्हटलं, "हे मला ऑक्टोबरात विचारायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "धीर झाला नाही. तू रडली असतीस तर माझ्याच्याने देववलं नसतं. आणि दिलं नसतं तर ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढून हलली नसती."

एवढं बोलून ते रडायला लागले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदा बघितलं. मी उठून जवळ गेले नाही. रूथ गेली.

ते वाईट नाहीत, तारा. तुझ्या मुलाचं नाव प्रताप ठेवा आणि लवकर बाप्तिस्मा करा, माझ्यासाठी थांबू नका. पण एक मागते. तो मोठा झाल्यावर त्याला यातलं काही सांगू नका. दानिएलभाऊंनाही बजाव. आपण कुणाचं तरी देणं लागतो असं वाटत लेकरू वाढलं की त्याची मान खाली राहते. त्याला मोकळं वाढू दे. माझी आई त्याच्यामुळे गेली नाही. तिचं वय झालं होतं, छाती थकली होती. मी जवळ नव्हते एवढंच, आणि त्यात त्या जिवाचा काय दोष?

आता जे लिहिते ते फक्त तुला. गेले काही दिवस मी एकच गोष्ट करते. भाकरी थापताना तो ऑक्टोबरचा दिवस परत आणते. हे कचेरीतून येतात, टोपी काढतात आणि मला सांगतात, "ताराला आज कबरस्तानात पाहिलं. तिला इथून न्यायला हवं. आपली जागा त्यांना देऊ का?" आणि मग मी काय म्हणते ते ऐकत बसते.

पहिल्यांदा मी भांडते. आईच्या डोळ्यांचा विषय काढते, तिच्या एकटेपणाचा काढते, तुमचं कुणी तिकडे नाही म्हणून तुम्हाला सोपं आहे, असंही म्हणते. एक दिवस जेवत नाही. पण तुझं दुसरं लेकरू मी या हातांनी धुतलं होतं, तारा. पांढरा अंगरखा मीच घातला होता, आणि तू तो घालू देत नव्हतीस. ते मला ठाऊक असताना मी किती दिवस नाही म्हणत राहिले असते? दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मी म्हटलं असतं, द्या. रडत म्हटलं असतं, पण म्हटलं असतं. मग त्याच आठवड्यात रूथला घेऊन आईकडे गेले असते, तिच्यापाशी बसून तिला सांगितलं असतं की आम्ही असं असं केलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला असता. ती तशी होती.

म्हणजे सगळं जसं झालं तसंच झालं असतं. तू जालन्यात, मी इथे, तुझं लेकरू सुखरूप. फक्त ते मी दिलेलं असतं. आता मी काही दिलेलं नाही. माझ्याकडून गेलं.

मी नाही म्हटलं असतं असं हे धरून चालतात. त्याच आधारावर ते उभे आहेत, की तिला विचारलं असतं तर ते लेकरू जगलं नसतं. मी हो म्हटलं असतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांच्यापाशी काही उरणार नाही, म्हणून गप्प राहते. आणि एखाद्या दिवशी त्यांच्यासमोर ताट ठेवताना वाटतं, म्हणूनच सांगावं.

तुझी
अक्का